तुणतुण्यावर कोण होतं

"बरं झालं, अमेरिकन लोकांना कळत नाही. रविवारी सकाळी सकाळी रेडिओवर तमाशातलं तुणतुणं. त्या मुलीला कुणी सांगत कसं नाही?"

काकू माझ्याबद्दलच बोलत होत्या. मी त्यांच्या मागे दोन माणसं सोडून जेवणाच्या रांगेत कागदी प्लेट घेऊन उभी होते. ओहायोतल्या डब्लिनमधल्या एका शाळेचा हॉल, मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम, बाहेर पार्किंग लॉटमध्ये काळ्या पडलेल्या बर्फाचे ढीग. काकूंनी मला पाहिलेलं नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

"अहो, तुम्ही ऐकलंत का ते?" त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या काकांना विचारलं.

काकांनी चिमट्याने एक पोळी उचलून प्लेटमध्ये ठेवली. "गुळाची आहे वाटतं," ते म्हणाले. "वा."

रांग पुढे सरकली, मीही सरकले. ते तुणतुणं काकांच्या वडिलांचं होतं. त्या भरलेल्या हॉलमध्ये ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, काकांना आणि मला. आणि मला ती बोलायची नव्हती, कारण काकांनीच तसं सांगितलं होतं.

हे काका काही माझे सख्खे नव्हेत. ओहायोतल्या मराठी घरांत वयाने मोठा असलेला प्रत्येक माणूस काका असतो. हे निवृत्त डॉक्टर होते. पन्नासेक वर्षांपूर्वी इकडे आलेले, हळू बोलणारे, मंडळाच्या प्रत्येक मैफलीला पहिल्या रांगेत बसणारे. काकू पुण्याच्या, वडील संस्कृतचे प्राध्यापक. मी इथे शिकायला आले आणि मग एका विमा कंपनीत आकडे तपासायच्या नोकरीला लागले. मंडळात मी जेवायला जात असे आणि कोपऱ्यातली खुर्ची धरून बसत असे. लोक म्हणत, फार शांत मुलगी आहे. ते कौतुक आहे की काळजी, हे मला कधीच ओळखता आलं नाही.

रेडिओवर मी कशी पोचले, हे मंडळातल्या कुणालाच पटत नसे. मलाही फारसं पटत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी जुनी गाडी घेतली. तिच्या रेडिओचं बटण एकाच स्टेशनवर अडकलेलं होतं. रविवारी सकाळी किराणा आणायला निघाले की त्यावर बँजो, फिडल आणि नाकातून गाणारी माणसं लागायची. या संगीताला ब्लूग्रास म्हणतात, हेही मला ठाऊक नव्हतं. गाणी बहुतेक मेलेल्या आयांची, बुडालेल्या मुलींची, सुटलेल्या घरांची, आणि वाद्यं मात्र अशी पळत असायची की जणू कुणी मेलंच नाही. दुकानापाशी पोचल्यावरही मी गाडीत बसून राही. सोमवार उजाडेपर्यंत मला दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येणार नसे.

त्या स्टेशनवर सगळे स्वयंसेवक. एका जुन्या चर्चच्या तळघरातल्या दोन खोल्या, ओल्या गालिच्याचा वास. फोन उचलायला माणसं हवीत असं त्यांनी एकदा रेडिओवर सांगितलं आणि मी गेले. कार्यक्रम चालवणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते. केंटकीच्या डोंगरातून आईबापांबरोबर लहानपणी इकडे आलेले, सगळा जन्म कारखान्यात गेलेला. समोर मी त्यांना इथल्या रीतीने पहिल्या नावानेच हाक मारत असे. मनात मात्र बुवा म्हणत असे. बुवांचे हात कापायला लागले होते, आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या नीट सरकेनात. म्हणून त्यांनी मला शेजारी बसवलं. मग हळूहळू दुसरा माइक माझ्यापुढे आला.

रेडिओवर कुणी बोलत नसेल आणि काही वाजतही नसेल तर त्याला डेड एअर म्हणतात. त्याहून मोठा गुन्हा नाही. शाळेपासून मला जी एकच गोष्ट उत्तम जमत आली होती ती इथे गुन्हा ठरली.

दुसरा नियम बुवांचा स्वतःचा होता. गाणं संपलं की आधी नावं, मग बाकीच्या गप्पा. गाणाऱ्याचं नाव तर सगळेच घेतात. बँजोवर कोण, फिडलवर कोण, मागे गिटार धरून कोण उभं होतं, हे सांगितल्याशिवाय माइक बंद करायचा नाही. जुन्या तबकड्यांवर ही नावं छापलेली नसत. बुवांनी ती म्हाताऱ्या माणसांना फोन करकरून मिळवली होती. "पैसे तर त्यांना कुणी दिले नाहीतच," ते म्हणायचे. "नाव तरी घ्या." एखादं नाव नसलं की ते माइकवर तसंच सांगत: फिडलवर कोण आहे आम्हाला माहीत नाही, तुम्हाला असेल तर फोन करा.

आमच्या कार्यक्रमाचा शेवटचा अर्धा तास वाटेल त्या झणझणणाऱ्या तारांसाठी राखलेला असे. हवाईची गिटार, तुर्कस्तानातली कुठली कुठली वाद्यं, काहीही. बुवांचा एकच निकष होता, त्यात ट्वँग पाहिजे, तार छेडल्यावरचा तो नाकातला आवाज. त्या शरद ऋतूत एकदा त्यांनी मला अचानक माइकवरच विचारलं, "तुमच्या भाषेत ट्वँगला काय म्हणतात?"

मला सुचेना. डेड एअर सुरू झाली. तोंडातून निघालं ते, "तुणतुणं."

"टून-टून-ए," बुवा म्हणाले. त्यांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तो तीनदा म्हणून पाहिला. "म्हणजे काय?"

"कुणी तेच तेच बोलत राहिलं की आमच्याकडे म्हणतात. माझे वडील मला म्हणायचे."

मला खरंच तेवढंच माहीत होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी म्हणजे घरातली भाषा: जेवायला ये, पंखा बंद कर, तुणतुणं बंद कर. भुणभुण, कुरकुर, किरकिर यांच्याच पंगतीत मी तो शब्द बसवला होता.

पुढचं गाणं लागलं आणि फोनचा दिवा लुकलुकायला लागला. स्टुडिओतला फोन वाजत नाही, नुसता दिवा लागतो. मी उचलला.

"मराठी का?" एका पुरुषाने विचारलं.

"हो."

"बाळ, तुणतुणं हे वाद्य आहे. एका तारेचं. लोकांना चुकीचं सांगू नये," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मी इंटरनेटवर चित्रं पाहिली. मापट्यासारखं एक पोकळ लाकडी नळकांडं, खाली कातडं ताणलेलं, बाजूला उभी काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि मधून एकच तार. पोवाडा गाणाऱ्याच्या मागे उभं राहून ते वाजवतात, वाजवता वाजवता "जी जी" करून साथ देतात. एका तारेवर सूर तो किती बदलणार? म्हणून तेच तेच. माझ्या वडिलांनाही हे ठाऊक असेल का, असं वाटलं. विचारलं नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात काका माझ्या मागोमाग पार्किंग लॉटपर्यंत आले. "बाळ, जरा थांब," असं ते म्हणाले तेव्हाच फोनवरचा आवाज ओळखू आला. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कॅसेट काढली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"तुमच्याकडे ही वाजवायचं मशीन असेल ना?"

"आहे, जुनं."

"माझे वडील आहेत," ते म्हणाले. "फडात तुणतुण्यावर असायचे. मी इथून पहिल्यांदा एकटाच घरी गेलो तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. आईलाही म्हटलं, तू गा, म्हणजे तूही येशील त्यात. ती लाजली." ते हसले. "तुझ्या त्या शेवटच्या अर्ध्या तासात बसेल, बघ. ट्वँग आहे."

मी कॅसेट पर्समध्ये ठेवली. "नाव काय सांगू?"

मागे हॉलचं दार उघडलं, आत कुणीतरी नाट्यगीत म्हणत होतं. काकांनी वळून पाहिलं. मग त्यांनी मला त्यांच्या लग्नाबद्दल दोन वाक्यं सांगितली. मुलीकडच्यांना सांगितलं होतं की वडील शेती बघतात. पुढे ते बदलायची वेळच आली नाही, लग्न झालं आणि लगेच इकडे निघून आलो.

"काकूंना..."

"तिच्या माहेरी गाणं म्हणजे बैठकीतलं. तिचा दोष नाही." त्यांनी हातमोजे चढवले. "नाव नको. सध्या नको."

सध्या या शब्दाला शेवट कुठे असतो, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं, पण मी विचारणाऱ्यांतली नाही.

टेपवर आधी खरखर, मग भांड्यांचा आवाज, एक कुत्रं. मग ती तार. ऐकायला कोरडी, सुरात थोडी उतरलेली, पण एकदा सुरू झाली की तिच्यातून बाहेर पडता येत नसे. तिच्यावर एक जाड, म्हातारा आवाज अर्धंमुर्धं काही गुणगुणत होता. शेवटी तार थांबली आणि तोच आवाज म्हणाला, "आलं का रं त्यात?" लगेच जवळून एक तरुण आवाज, "आलं." मग बटण दाबल्याचा खटका.

मी ते सगळं लावलं, खटक्यासकट. बुवा डोळे मिटून ऐकत होते, त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. संपल्यावर मी माइक उघडला आणि इंग्रजीत म्हणाले, "हे तुणतुणं होतं, महाराष्ट्रातलं, आणि ते खरंच एक वाद्य आहे. वाजवणारे अज्ञात."

पुढचं गाणं सुरू होताच बुवांनी कानावरचे हेडफोन खाली सरकवले. "अज्ञात?"

"हो."

"तुला माहीत नाही?"

मी पट्ट्यांकडे बघत राहिले. "माहीत आहे."

"मग?"

"त्यांच्या मुलाने नाव नको म्हटलंय."

"लाज वाटते त्याला?"

"मला माहीत नाही."

बुवांनी हेडफोन पुरते काढून टेबलावर ठेवले. मग ते म्हणाले, "माझी आई हे संगीत खिडक्या लावून ऐकायची. शेजारी आपल्याला डोंगरातले गावंढळ म्हणतील म्हणून. शेजारीही त्याच डोंगरातले होते. त्यांच्याही खिडक्या बंद." ते हसले नाहीत. "पुन्हा अज्ञात म्हणू नकोस. सांगता येत नाही, असं म्हण. ते खरं असेल."

त्यानंतर आली संक्रांत आणि गुळाची पोळी. त्या दिवशी मी जेवण अर्धवट टाकून निघाले. हॉलच्या दाराशी काका भेटले. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, तोंडाने काही म्हणाले नाहीत. मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या वडिलांना त्यांच्या देखत कुणी काही बोललं आणि त्यांनी पोळी उचलली, याचा. पण मीही तिथे होतेच की. माझ्याही हातात प्लेट होती. गाडीत बसल्यावर तिळगूळ खाल्ला. कडक झाला होता.

काका मार्चमध्ये गेले. हृदय. ज्या हॉस्पिटलमध्ये इतकी वर्षं काम केलं तिथेच, असं लोक एकमेकांना सांगत होते, जणू ती काही सोय झाली.

शोकसभा देवळाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी होती. सकाळी मी एकटीने कार्यक्रम केला, बुवांना आता ऐकू कमी येऊ लागलं होतं, ते येत नव्हते. पर्समध्ये कॅसेट होती. ती मी लावली नाही. हॉलमध्ये पडद्यावर फोटो येत होते. पदवीचा, पहिल्या घराचा, नातवंडांबरोबरचा. लग्नाच्या ग्रुप फोटोत अगदी कडेला टोपी घातलेला एक माणूस होता. फोटो पडद्यावर बसवताना त्याचा खांदा आणि अर्धा चेहरा कापला गेला होता. फोटो बदलला.

बोलणारे बोलले. शास्त्रीय संगीताचे दर्दी. स्वकष्टाने वर आलेले. घरची शेतीवाडी असूनही शिक्षणाची ओढ. माइक रांगेतून हातोहात फिरत माझ्यापाशी आला. दर रविवारी मी दोन तास ज्याच्यापुढे बसते तीच वस्तू. मी तो शेजारच्या बाईंच्या हातात दिला.

नंतर मागच्या किचनमध्ये मी चहाचे थर्मास विसळत होते. काम हातात असलं की कुणी बोलायला येत नाही, हे मी फार आधी शिकले आहे. पण काकू आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं, एक फडकं उचललं आणि विसळलेली झाकणं पुसायला लागल्या.

"काकू, राहू दे, मी करते."

"बसून बसून पाठ धरली माझी. आणि बाहेर सगळे माझ्याकडे बघतात, कधी रडते म्हणून." त्यांनी एक झाकण पुसून ठेवलं. "हे रविवारी सकाळी गॅरेजमध्ये जायचे. गाडी धुतो म्हणायचे. जानेवारीत कोण गाडी धुतं ग, ओहायोत?"

मी नळ बारीक केला.

"एकदा मी दार उघडलं. गाडीत बसून रेडिओ ऐकत होते. तुझा आवाज होता. मी तसंच दार लावून घेतलं. मग मीही वर किचनमध्ये लावायला लागले, बारीक आवाजात. हे खाली, मी वर." त्यांनी दुसरं झाकण उचललं. "मला नाही आवडत ते. सगळं नाकातून. पण लावायचे."

"मला माहीत नव्हतं, काकू."

"तुला कसं माहीत असणार? तू कुठे काय बोलतेस कुणाशी?" हे त्या रागावून म्हणाल्या नाहीत. "ते तुणतुणं लावलंस तेव्हाही मी ऐकत होते. त्यात शेवटी तो म्हातारा विचारतो, आलं का त्यात. आणि एक जण आलं म्हणतो. बरोबर?"

"बरोबर."

"ते 'आलं' यांचं होतं. पन्नास वर्षं ऐकलाय मी तो आवाज. दूध आलं का, आलं. पेपर आला का, आला. असेच म्हणायचे, तुटक." फडकं त्यांच्या हातात तसंच होतं. "संक्रांतीला मी मुद्दाम बोलले. यांच्या देखत. तू मागे उभी होतीस तेही मला दिसलं होतं. म्हटलं, चिडतील. चारचौघांत ओरडतील माझ्यावर. काहीतरी म्हणतील एकदाचं."

बाहेर कुणीतरी खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होतं. एकेक खुर्ची आपटल्याचा आवाज येत होता.

"गुळाची पोळी घेतली," काकू म्हणाल्या. "आणि घरी जाताना गाडीत म्हणाले, पोळी छान होती."

मी थर्मास उलटा करून ठेवला. पाणी निथळून ओट्यावर आलं ते हाताने सिंकमध्ये लोटलं.

"सरळ विचारायचं होतं मी," काकू म्हणाल्या. "पण विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं ना, की इतकी वर्षं का नाही सांगितलं. मग म्हटलं, जाऊ दे. सध्या नको."

त्यांच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि त्या जागी कातडी थोडी गोरी दिसत होती. त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"आता कुणाला विचारू?" त्या म्हणाल्या. "तुला दिली होती ना टेप? तुला सांगितलं असेल. कोण होता ग तो म्हातारा?"

फ्रिजची घरघर तेवढी चालू होती. काकांनी हातमोजे चढवताना म्हटलेलं मला आठवत होतं. बुवांचं 'नाव तरी घ्या'ही आठवत होतं. गाणं कधीच संपलं होतं आणि माइक अजून उघडाच होता.

"तुमचे सासरे," मी म्हणाले. "तुणतुण्यावर तुमचे सासरे होते, काकू."